अ‍ॅलिसम बियांपासून: बी झाकू नका, वरून पाणी घालू नका

अ‍ॅलिसम हे बुटकं, पसरणारं फुलझाड अगदी सोपं आहे, असं जो तो सांगतो. बाहेर कुंडीत लागलेलं अ‍ॅलिसम सोपं आहेच. पण बहुतेकांचं अ‍ॅलिसम तिथवर पोचतच नाही. ते ट्रेमध्येच आडवं होतं आणि मग दोष बियांच्या पाकिटाला दिला जातो. म्हणून या लेखात पेरणी आणि रोपांचे पहिले दोन-तीन आठवडे यांवरच जास्त बोलणार आहे.

आधी वेळ. ‘दसऱ्याला पेरा’ हा सल्ला विसरा. ऑक्टोबर हीटमध्ये हे बी रुजलं तरी रोप लुळं निघतं. बियांना १५ ते २२ अंश तापमान मानवतं. त्यामुळे पुणे, नाशिक, नागपूरकडे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य ही वेळ योग्य. मुंबईत आणि कोकणात नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडू द्या, आणि तिथे फुलांचा हंगाम थोडक्यात आटोपेल हे धरूनच चाला.

जात कोणती? पहिल्यांदा लावत असाल तर पांढरी ‘कार्पेट ऑफ स्नो’ घ्या. ती जेमतेम वीतभर वाढते आणि पसरते. जांभळी ‘रॉयल कार्पेट’ देखणी आहे, पण ऊन तापलं की तिचा रंग विटतो.

आता पेरणी. हे बी फार बारीक, एका ग्रॅममध्ये साधारण तीन हजार बिया बसतात. शिवाय रुजायला त्याला उजेड लागतो. तरीही ‘बी पेरून वर अर्धा इंच माती पसरा’ असं अजून लिहिलं जातं. हा सल्ला मेथीला ठीक आहे, इथे चालणार नाही. ट्रेमधलं मिश्रण आधी ओलं करून घ्या. बी चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत मिसळा, म्हणजे एकाच जागी ढीग पडत नाही. मग ते वरून भुरभुरा आणि सपाट लाकडाने हलकेच दाबा. बस्स. वर काहीही घालायचं नाही. बी डोळ्यांना दिसत राहिलं पाहिजे.

मिश्रणात चार भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग चाळलेलं गांडूळ खत पुरतं. अर्धं-अर्धं करणारे पुष्कळ आहेत, पण रोपाला या वयात खत नकोच असतं. जास्त खताने ओल धरून राहते आणि बुरशीचं फावतं.

खरा घोळ इथेच आहे. आठवड्याभरात ट्रे हिरवा होतो, आपण खूश होतो आणि रोज सकाळी झारीने पाणी घालू लागतो. मग एके दिवशी कोपऱ्यातली चार रोपं लवंडलेली दिसतात. नीट पाहिलं तर मातीलगत देठ पाणचट होऊन दोऱ्यासारखा बारीक झालेला असतो. ही रोपमर आहे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींचं हे काम. पडलेलं रोप उठत नाही, त्याच्यावर कसलाही इलाज नाही. ‘पाणी कमी पडलं असेल’ म्हणून आणखी पाणी घातलंत तर उरलेला ट्रेही गेला. दालचिनीची पूड भुरभुरण्याचा उपायही मला ठाऊक आहे. त्याच्या भरवशावर राहू नका.

रोपमर होऊच नये यासाठी करायचं ते असं. पाणी खालून द्या: परातीत दोन बोटं पाणी घेऊन ट्रे त्यात ठेवा, पृष्ठभाग काळपट दिसू लागला की लगेच उचला आणि निथळू द्या. बी रुजेपर्यंत वरचा थर सुकू द्यायचा नाही, तोवर ट्रेवर प्लास्टिक झाकलं तर हरकत नाही. पण पहिले अंकुर दिसले त्याच दिवशी प्लास्टिक काढा. ‘रोपं मोठी होईपर्यंत दमटपणा राहू द्या’ म्हणणाऱ्यांनी जितकी रोपं मारली असतील तितकी उन्हानेही मारली नसतील. अंकुर आल्यावर पुढचं पाणी वरचा थर कोरडा दिसल्यावरच. ट्रे वारं खेळतं अशा जागी हवा आणि सकाळचं कोवळं ऊन थेट मिळायला हवं. खिडकीपासून लांब ठेवलेली रोपं उजेडाकडे ताणली जातात, आणि असा ताणलेला देठ आधी पडतो.

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशींना आवरणारी उपकारक बुरशी) वापरायचा असेल तर पेरणीआधी, मिश्रणात, पाकिटावरच्या प्रमाणात. रोपं पडू लागल्यावर घालून फारसं काही हाती लागत नाही. एखादा कोपरा कोलमडलाच तर आजूबाजूच्या मिश्रणासकट चमच्याने उचलून फेकून द्या, कंपोस्टमध्येही टाकू नका.

विरळणी कात्रीने करा. उपटायला गेलात तर शेजारच्या रोपाची मुळं हलतात. चार खरी पानं (अंकुराच्या पहिल्या जोडीनंतरची) आली की तीन-चार रोपांचा झुबका मिश्रणासकट उचलून लावा. दोन झुबक्यांत वीतभर अंतर ठेवा.

पुढचं सोपं आहे. पाच-सहा तास ऊन, पाण्याचा निचरा होणारी माती. मुळात भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, रेताड जमिनीतलं हे झाड, त्यामुळे त्याला शेणखताचा मारा नको. युरिया तर नकोच, नुसता पाला माजतो. पेरणीपासून साधारण दोन महिन्यांत फुलं येतात आणि मधासारखा वास सुटतो.

पहिला बहर ओसरून झाड विस्कटलेलं दिसू लागलं की कात्रीने वरचा तिसरा हिस्सा सरळ उडवा. हात आखडू नका. पाणी द्या, दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरून फुलतं.

हे मोहरीच्या कुळातलं आहे, त्यामुळे मावा आणि कोबीवरच्या अळ्या इथेही येतात. अळ्या हाताने वेचा, माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. कीटकनाशक नको, कारण याच फुलांवर सिरफिड माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात लेट्यूसच्या शेतात अ‍ॅलिसम लावतात ते याच माश्यांसाठी.

मार्चच्या उन्हात झाड बसू लागलं की वाचवायची धडपड करू नका. खालच्या चपट्या, गोल शेंगा वाळल्या असतील, त्या कागदावर चोळा. प्रत्येकीत दोन बिया निघतात. कागदी पुडीत बांधून, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. पावसाळी दमट हवेत उघडं राहिलेलं बी नोव्हेंबरला उगवेलच असं नाही.