महाविद्यालयीन वर्गासाठी ब्लॉग कसा चालवावा

अध्यापनात ब्लॉग वापरायचे ठरले की बहुतेक प्राध्यापक आधी साधन निवडतात आणि त्यात काय लिहून घ्यायचे याचा विचार मागाहून करतात. माझ्या मते प्रश्न आधी ठरवावा, आणि तो असा असावा की त्याचे आयते उत्तर शोधयंत्रात सापडू नये. ठाण्यात इतिहास शिकवताना पहिल्या वर्षी मी ‘भारतातील पहिली प्रवासी रेल्वे’ हा विषय दिला. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, एवढाच मजकूर जवळजवळ सगळ्या वर्गाने किरकोळ फरकाने उतरवून दिला. पुढच्या वर्षी विषय बदलला: ‘२००४ मध्ये ठाणे-वाशी हा ट्रान्सहार्बर रेल्वेमार्ग सुरू होण्यापूर्वी ठाणे परिसरातून वाशीला लोक कसे जात, हे घरातल्या किंवा शेजारच्या दोन व्यक्तींना विचारून लिहा.’ हे कोठून उतरवून घेण्याची सोयच नव्हती.

साधन म्हणून मी वर्डप्रेस हे ब्लॉग चालवण्याचे सॉफ्टवेअर वापरतो, कारण त्यात विद्यार्थ्यांना ‘कॉन्ट्रिब्युटर’ ही भूमिका देता येते. या भूमिकेत विद्यार्थी लेख लिहून तपासणीसाठी पाठवू शकतो, परंतु तो प्रसिद्ध करण्याचा अधिकार शिक्षकाकडेच राहतो. पहिल्या वर्षी मी सर्वांना प्रसिद्धीचे अधिकार देऊन बसलो होतो. एका रात्री वर्गाची हजेरीयादी मोबाइल क्रमांकांसह सर्वांसाठी खुली झाली आणि सकाळी पालकांचे फोन घेण्यात माझे पहिले दोन तास गेले. कॉन्ट्रिब्युटरला छायाचित्रे चढवता येत नाहीत, ही गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवावी. त्यासाठी गूगल ड्राइव्हवर एक सामाईक फोल्डर उघडावा आणि निवडलेली छायाचित्रे स्वतः लेखात घालावीत.

बरेच विद्यार्थी कल्याण, बदलापूर किंवा पनवेलहून येतात आणि पहिला मसुदा गाडीतच, मोबाइलवर लिहितात. म्हणून मसुदा थेट ब्लॉगमध्ये न लिहिता गूगल डॉक्समध्ये लिहायला सांगावा, म्हणजे शिक्षकाला ओळीओळीवर शेरा देता येतो आणि आवृत्तींच्या इतिहासात लेख कसा घडत गेला तेही दिसते. सलग आठशे शब्द एकाच मिनिटात अवतरले असतील, तर त्या विद्यार्थ्याशी समोर बसून बोलावे. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर वा मोबाइलवर वाचता येणाऱ्या अक्षरप्रणालीत, हवा. विभागातील जुन्या संगणकावर डीटीपीच्या (छपाईची पाने जुळवण्याच्या) जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर ब्लॉगवर चिकटवला की त्याची निरर्थक चिन्हे होतात.

खरे काम शेऱ्यांचे आहे, आणि तेथे वेळ वाचवू नये. एका विद्यार्थिनीचा मसुदा ‘प्रवास हा मानवी जीवनाचा अविभाज्य भाग आहे’ या वाक्याने सुरू होत होता. मी बाजूला लिहिले, ‘हे वाक्य काढ. आत्या वाशीला नोकरीला होती ना? ती घरातून किती वाजता निघायची?’ दोन दिवसांनी आलेल्या मसुद्याचे पहिले वाक्य होते: ‘आत्या पावणेसहाला कळव्याहून निघायची, कारण कुर्ल्याला पुढची गाडी चुकली तर कंपनीत अर्ध्या दिवसाचा पगार कापत.’ ‘छान’, ‘अधिक लिहा’ अशा शेऱ्यांनी हा बदल झाला नसता. शेरा तीन-चार दिवसांत पोहोचला पाहिजे. महिन्याने दिलेला शेरा कोणी वाचत नाही. साठ जणांचा वर्ग असेल, तर दर आठवड्याला पंधरा जणांचाच लेख मागवावा.

गूगल फॉर्मचा, म्हणजे ऑनलाइन प्रश्नावलीचा, उपयोग मर्यादित पण चांगला आहे. तासाच्या आदल्या रात्री तीन प्रश्न पाठवावेत. फॉर्म गूगल शीटला जोडला की उत्तरे आपोआप त्या तक्त्यात जमा होतात आणि वर्गाचे कोठे अडले आहे ते फळ्यापाशी जाण्यापूर्वी कळते. त्याला गुण मात्र देऊ नयेत, नाहीतर सगळी उत्तरे सारखी येऊ लागतात.

लेख खुला करण्यापूर्वी, ज्यांच्याशी विद्यार्थी बोलला त्यांची लेखी संमती घ्यावी आणि नाव न छापण्याचा पर्याय त्यांना द्यावा. लिहिणारा अठरा वर्षांखालील असेल, तर पालकांचीही संमती हवी. शोधयंत्रातून उचललेली चित्रे वापरू देऊ नयेत. विकिमीडिया कॉमन्सवरची, श्रेय व परवाना नमूद करून, घेता येतात. विद्यार्थ्याने स्वतः काढलेले साधे छायाचित्र असेल तर उत्तमच.

ब्लॉगचे मुख्य खाते वैयक्तिक ईमेलवर न उघडता विभागाच्या ईमेलवर उघडावे, कारण शिक्षकाची बदली झाली की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. वर्षअखेरीस ‘एक्स्पोर्ट’ करून मिळालेली फाइल विभागात जपून ठेवावी. उत्तीर्ण झालेल्यांची खाती काढून टाकताना वर्डप्रेस विचारते, की त्यांचे लेख पुसायचे की दुसऱ्याच्या नावे करायचे. तेथे दुसरा पर्याय निवडावा, आणि त्याआधी प्रत्येक लेखाच्या तळाशी मूळ लेखकाचे नाव, त्याची हरकत नसल्यास, टंकून घ्यावे.