ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नवीन जॉइन होताय? बीटाडीन आणि सुई टोचण्याबद्दल थोडं

ओटी टेक्निशियन म्हणून नवीन मुलं आली की मी सगळ्यात आधी एकच सांगते, सुई टोचली तर बोट बीटाडीनमध्ये बुडवू नका. सीनियर लोकपण करतात हे, कारण बाटली समोरच असते आणि जंतू मारायचं औषध म्हटल्यावर हात तिकडेच जातो. पण उघड्या जखमेला त्याने उलट त्रास होतो आणि एचआयव्ही किंवा हिपॅटायटिसचा धोका त्याने कमी होतो असं सिद्ध झालेलं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं तर अजिबातच नाही, आणि ताबडतोब इन्चार्जला सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जमल्यास 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हायला लागतात, आणि "केस संपू दे मग सांगतो" म्हणता म्हणता नेमका तोच वेळ जातो. ओरडा बसेल म्हणून लपवणारे पाहिलेत मी, प्लीज असं करू नका. हिपॅटायटिस बी ची लस पण कामाला लागायच्या आधीच पूर्ण करा.

आता पेशंटच्या बाजूचं. आपलं नेहमीचं 10 टक्के पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे बीटाडीनच, त्यात वापरात येणारं आयोडीन साधारण 1 टक्काच असतं आणि ते हळूहळू सुटतं, म्हणून पेंटिंग (ऑपरेशनच्या जागी कातडीला ते लावणं) झालं की ते आपोआप वाळू द्यायचं, सर्जन घाई करत असले तरी गॉजने पुसून काढायचं नाही. आणि पाठीखाली, कमरेखाली, टूर्निकेटखाली (हातापायाचा रक्तपुरवठा थांबवायला बांधतात तो पट्टा) ओघळून साचलंय का ते ड्रेप (पेशंटवरची निर्जंतुक चादर) टाकायच्या आधी बघाच, कारण लांबलचक केसमध्ये पेशंट त्या ओल्यावरच पडून राहतो आणि कातडी भाजल्यासारखी होते, केमिकल बर्नच तो. स्पिरिटवालं आयोडीन असेल तर अजून जपून, नीट वाळलं नसताना कॉटरी (विजेने कापायचं, रक्त थांबवायचं यंत्र) चालू केली तर आग लागू शकते.

माशांची अॅलर्जी म्हणजे आयोडीनची अॅलर्जी नव्हे, तरी पेशंटने सांगितलं तर लिहून ठेवा आणि अॅनेस्थेशियावाल्यांना कळवा.

बीटाडीनच्या स्क्रबने (ऑपरेशनआधी हात धुवायचं द्रावण) तुमचेच हात लाल होऊन खाजायला लागले तर सहन करत बसू नका, भेगा पडलेल्या हातांतून इन्फेक्शन सहज शिरतं. क्लोरहेक्सिडीनचा स्क्रब मागून घ्या.