मुंबईत नवं संगीत नाटक बघायला निघालात? या चुका टाळा

रेल्वेची तिकिटं निघाली, हॉटेल ठरलं, बॅगा भरायला काढल्या, की मग लोकांना माझी आठवण होते. "दोन दिवस आहेत गो, नवं कुठलं म्युझिकल बघू? पटकन सांग." पटकन सांगता येत नाही, कारण निम्म्या चुका तिकिटं काढतानाच करून झालेल्या असतात. गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यातल्या अर्ध्या नाटकवेड्यांना हे मी तोंडी सांगून झालंय. आता लिहूनच ठेवते.

फोंड्यात येणारं नाटक दादरला बघणं

ही माझी सगळ्यात लाडकी तक्रार. लोक हजार-दोन हजारांचा प्रवास करून शिवाजी मंदिरात जे नाटक बघतात, तेच सहा महिन्यांत फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात लागतं. नाहीतर पणजीच्या कला अकादमीत, नाहीतर मडगावच्या रवींद्र भवनात. मग हेच लोक मला येऊन सांगतात, "अगो, आम्ही हे कधीच बघितलं!" बघितलंत हो, पण त्या संध्याकाळी मुंबईत दुसरं काय चाललं होतं, जे कुळागरं ओलांडून इकडे कधीच येणार नाही?

व्यावसायिक मराठी नाटक एका थिएटरात मुक्काम ठोकून बसत नाही. शनिवारी दुपारी पार्ल्याला, रात्री ठाण्याला, रविवारी बोरिवलीला. म्हणून त्याचा सेट पहिल्या दिवसापासून असाच बांधतात की दुपारी दोन तासांत लागेल, रात्री उतरेल आणि टेम्पोत मावेल. टेम्पोत मावतं ते गोव्यात येतं. याउलट वांद्रे-कुर्ला संकुलात 2023 साली उघडलेल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्राचं ग्रँड थिएटर 2000 खुर्च्यांचं आहे. तिथे जे म्युझिकल लागतं त्याचा सेट वरून दोऱ्यांवर उतरतो, बाजूंनी सरकत येतो, आणि तो उभा करायलाच दिवसचे दिवस जातात. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातल्या जमशेद भाभा थिएटरचंही तेच. अशी निर्मिती फोंड्याला आणणं कुणालाच परवडणार नाही. मुंबईच्या ट्रिपमधली पहिली संध्याकाळ हिला द्या.

दुसरी संध्याकाळ अगदी उलट टोकाला. जुहूचं पृथ्वी थिएटर, सुमारे दोनशे खुर्च्या, तिन्ही बाजूंना प्रेक्षक. तिथे चार पोरं गिटार आणि ढोलक घेऊन एखादं नवं गाणारं नाटक करतात. ते दौऱ्यावर निघेल की पाच प्रयोगांत संपेल, कुणालाच ठाऊक नसतं. ते बघा. मधलं, टेम्पोतलं, सोडून द्या. ते आपल्या दारात येतंय.

गाणं प्रत्यक्ष आहे का, हे न विचारणं

याबद्दल मी भांडते, आणि भांडत राहणार.

आपले कान कुठल्या पाण्यावर वाढलेत ते आधी बघा. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर 1918 साली बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढून गावोगाव गायले. आपल्याकडे जत्रेच्या नाटकात आजही ऑर्गनवाला आणि तबलजी रंगमंचासमोर बसतात, आणि नटाचा सूर हलला तर चौथ्या रांगेतला नारळवाला मान हलवतो. शेजारच्या तियात्रातसुद्धा, म्हणजे गोव्याच्या कोकणी नाटकात, कांतारांना (गाण्यांना) बँड प्रत्यक्ष वाजतो, ट्रम्पेटसकट. (तियात्राचा पहिला प्रयोग मुंबईतच झाला बरं का, 17 एप्रिल 1892 ला. मुंबईकरांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.) असे कान घेऊन तुम्ही मुंबईला जाता आणि जाहिरातीतल्या 'भव्य संगीतमय' या दोन शब्दांवर भाळता!

मागे आमच्या नाट्यमंडळाची सहल गेली होती. नाटक निवडलं मंडळातल्या पोरांनी, मोबाइलवर वीस सेकंदांची एक रील बघून. तिकिटं महागडी, थिएटर चकचकीत, खुर्च्या अशा की उठवेना. आमच्यासोबत बांदोड्याची एक मावशी होती, ऐन उमेदीत जत्रांतून सुभद्रा गाजवलेली. पहिल्याच मोठ्या गाण्यात नायक तीन जिने धावत चढला, वर जाऊन गर्रकन वळला आणि त्याने तार षड्ज, वरचा सा, लावला. लांब, स्थिर, काचेसारखा स्वच्छ. टाळ्यांचा कडकडाट. मावशीने माझ्या दंडाला कोपर टोचलं. "तो गायना मरे, फकत तोंड हालयता. श्वास खंय आसा?" श्वास कुठे आहे?

मग माझंही लक्ष तिथेच गेलं. नायिकेने गाता गाता नायकाच्या खांद्यात तोंड लपवलं, तरी आवाज तसूभर दबला नाही. दुसऱ्या अंकात तर कहर झाला. ऐन कडव्यात आवाज गचकला, दोन सेकंद थिएटरात शांतता, आणि वर वीस माणसांची तोंडं मन लावून उघडझाप करतायत. मध्यंतरात मावशी बटाटवडा हातात घेऊन तडक रंगमंचाच्या कडेपर्यंत गेली, पेटीवाला बघायला. तिथे एक स्पीकर होता आणि घडी घातलेलं काळं कापड.

पोरं म्हणाली, "पण लाइट काय होते!" होते ना. लाइट बघायला आम्ही रात्रभर कोकणकन्या गाडीत पाय मुडपून झोपलो नव्हतो.

ध्वनिमुद्रित संगीतावरचं सगळंच वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. वाद्यं ट्रॅकवर आणि गळा खरा, हे आजकाल पुष्कळ नव्या नाटकांत असतं आणि काही वेळा छान जमतं. पन्नास वाद्यांचा ताफा रोज पोसणं मराठी निर्मात्याच्या आवाक्यातलं नाही, हे मलाही कळतं. गळा मात्र खरा हवा, त्यात तडजोड नाही.

मी काय करते सांगते. जाहिरात तळापासून वाचते. तळाच्या बारीक अक्षरांत 'ऑर्गन', 'तबला', 'संगीत साथ' अशा शब्दांपुढे माणसांची नावं असतील तर माझी निम्मी काळजी मिटते. नुसतं 'संगीत' आणि 'ध्वनी' असेल तर थिएटरच्या बुकिंगच्या खिडकीवर फोन लावते आणि सरळ विचारते, "नट स्वतः गातात का हो?" खिडकीवरच्या माणसाला सगळं माहीत असतं, रोज तोच ऐकत असतो. तो "हो हो, गातात की" असं लगेच म्हणाला तर तिकीट. तो "म्हणजे कसं..." असं सुरू झाला तर नाही. रील बघून काही कळत नाही, कारण रीलवरचा आवाज नंतरच चढवलेला असतो. पण वीस सेकंदांत निकाल हवा असलेल्यांना कोण सांगणार?

आधी गाडी, मग नाटक

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आणि आपले लोक 60 व्या दिवशी सकाळी आठला मोबाइल धरून बसतात. मराठी नाटकाच्या तारखा मात्र प्रयोगाच्या थोडेच दिवस आधी वर्तमानपत्रात झळकतात. म्हणजे तुम्ही बुधवार-गुरुवारची ट्रिप पक्की करता आणि मराठी नाटकं सगळी शनिवार-रविवारला. मग रडारड.

बड्या म्युझिकलचं याच्या उलट असतं. त्याचं बुकिंग महिनोन्‌महिने आधी सुरू होतं, प्रयोग आठवड्यातल्या इतर दिवशीही असतात, आणि अधल्यामधल्या वारी तिकीटही सहसा हलकं पडतं. म्हणून मी आधी बडं म्युझिकल गुरुवार-शुक्रवारचं ठरवते, त्याभोवती गाडी काढते आणि शनिवार-रविवार मराठीसाठी मोकळा ठेवते. शुक्रवारच्या वर्तमानपत्रात जाहिराती बघायच्या आणि जे मिळेल ते. ही मोकळी जागा सोडायला जीव धजत नाही म्हणे. धजावा.

पावसाळ्यात मुंबईला पोचायच्या दिवशीच प्रयोग ठेवू नका. जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू झालं की गाड्या मुळातच सावकाश धावतात, आणि दरड काही तुमची सीट बघून कोसळत नाही.

एका दिवसात तीन नाटकं

जमत नाही. दुपारी चारला बोरिवली आणि रात्री साडेआठला वाशी हे नकाशावरही जमत नाही. त्यातून रविवारी मेगाब्लॉक असतो. दोन बघा, मध्ये नीट जेवा.

शुभारंभाचा प्रयोग गाठणं

नव्या नाटकाचा पहिला प्रयोग बघितला हे मिरवायला बरं वाटतं. पण न्यूयॉर्क-लंडनमध्ये अधिकृत उद्घाटनाआधी काही आठवडे पूर्वप्रयोग चालतात. त्यात गाणी गळतात, प्रवेश मागेपुढे होतात, आणि मगच समीक्षकांना बोलावतात. मराठीत ही चैन नाही. आपल्याकडे पहिले दहा-पंधरा प्रयोग म्हणजेच तालीम, आणि तिकीट पूर्ण. नवं संगीत नाटक पहिल्या आठवड्यात हमखास वीस मिनिटं लांब असतं. जाहिरातीत प्रयोगाचा आकडा छापलेला असतो, तो बघा. पंचविशी ओलांडलेलं नाटक मला जास्त आवडतं: फालतू कडवं गळलेलं असतं आणि नटांचा गळा अजून दमलेला नसतो. गोव्यात शंभरावा प्रयोग आला की मात्र जरा जपून; तोवर मूळ संचातलं कोण उरलंय ते विचारा.

नाव बघून फसणं

पणजीच्या कला अकादमीतलं मुख्य नाट्यगृह दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं, आणि विलेपार्ल्याचं नाट्यगृहही त्यांच्याच नावाचं. माझ्या मावसभावाने मोबाइलवर 'दीनानाथ, रविवार 4 वाजता' वाचून चार तिकिटं काढली आणि कुटुंबासकट कांपालला येऊन उभा राहिला. फाटकाशी कुत्रंसुद्धा नव्हतं. शहराचं नाव वाचायला किती वेळ लागतो?

सिनेमाचं नाव ओळखीचं म्हणून म्युझिकल निवडणं ही त्याचीच धाकटी बहीण. सिनेमा आवडला होता तर सिनेमा पुन्हा बघा.

जागा निवडताना

मोठा सेट आणि नाच असलेल्या म्युझिकलला बाल्कनीची पहिली रांग. पुढे बसलात तर नाचणाऱ्यांचे घोटे दिसतात आणि सेटचा वरचा मजला दिसत नाही. मराठी संगीत नाटकाला पहिल्या आठ-दहा रांगांतच, गाणाऱ्याच्या गळ्याची शीर दिसेल इतकं जवळ. सगळीकडे तिसऱ्या रांगेचा हट्ट धरणाऱ्यांना मी समजावणं सोडून दिलंय.

वेळेचं म्हणाल तर जत्रेत दहाचं नाटक साडेअकराला सुरू होतं, मुंबईत तसं नाही. दार बंद झालं की योग्य प्रवेश येईपर्यंत बाहेर उभं करतात.

लंडनला जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडातल्या स्विंडनला भाऊ-बहीण नसलेलं गोंयकाराचं घर आता शोधावं लागतं, त्यामुळे हेही विचारतात. तिथे जाऊन सगळे तेच बघतात: 'ले मिझेराब्ल' नाहीतर 'फॅन्टम ऑफ द ऑपेरा'. पहिलं लंडनमध्ये 1985 पासून आहे आणि दुसरं 1986 पासून. पुढच्या खेपेलाही बहुतेक असतील. 'फॅन्टम' तर 2025 च्या मार्चमध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात येऊन गेलं. नवं म्युझिकल मात्र गर्दी जमली नाही की काही महिन्यांत गाशा गुंडाळतं, आणि कुठे दौऱ्यावरही जात नाही. फोंड्याचाच नियम: जे तुमच्याकडे येणार नाही आणि पुढच्या वर्षी उरणार नाही, ते आधी.

ऐन वेळी स्वस्त तिकीट हवं असेल तर लेस्टर स्क्वेअरच्या चौकातच टीकेटीएसची टपरी आहे. आजूबाजूच्या दुकानांवर 'अर्ध्या किमतीत' असे बोर्ड असतात; ती दुकानं म्हणजे ही टपरी नव्हे. आठवड्याला 8 प्रयोग म्हटल्यावर दुपारचेही खेळ असतात, आणि स्विंडनला परतायचं असेल तर दुपारचाच घ्या. रात्रीचा साडेसातला सुरू होऊन दहाच्या पुढे संपतो, पॅडिंग्टनहून पुढे तासाभराची गाडी, आणि स्टेशनवर न्यायला आलेला भाऊ पहाटेच्या पाळीला जाणारा असतो.