थंड, कोरड्या, वाऱ्याच्या ठिकाणी घराजवळची झाडं कशी जगवायची

हिवाळा संपला आणि झाड फुटलं नाही की सगळे म्हणतात थंडीनं गेलं. पण जिथे थंडीबरोबर हवा कोरडी असते आणि वारा थांबायचं नाव घेत नाही, तिथे कितीतरी झाडं थंडीनं नाही तर तहानेनं जातात, आणि हे कळेपर्यंत माझं सफरचंदाचं एक झाड गेलं होतं. वसंतात त्याला छान पालवी आली म्हणून मी निश्चिंत झाले, आणि ऊन तापायला लागल्यावर दोन आठवड्यांत सगळी पानं वाळली. उपटून बघितलं तर मुळं सुकून काळी पडलेली. ती पालवी म्हणजे झाडानं आधी साठवून ठेवलेल्या अन्नावर फुटलेली होती, खालून काही येतच नव्हतं. म्हणून या लेखात पाण्याबद्दल जास्त लिहिणार आहे, बाकीची कामं त्याच्या मागून.

होतं काय तर पाइन, स्प्रूस, ज्युनिपर अशा सदाहरित झाडांची पानं हिवाळ्यातही थोडं थोडं पाणी सोडत असतात, वारा आणि ऊन ते ओढून नेतं, आणि जमीन गोठलेली किंवा कोरडीठाक असेल तर मुळांना ते भरून काढता येत नाही. मग वाऱ्याच्या बाजूची पानं टोकाकडून तपकिरी होत जातात. पानझडी झाडांचं नुकसान असं डोळ्यांना दिसत नाही, पण त्यांच्याही काड्या आणि बारीक मुळं सुकतातच.

पहिलं काम: पाणी

सुरुवात शरदापासून करा. उन्हाळा सरत आला की रोजचं पाणी हळूहळू कमी करायचं, म्हणजे झाड नवीन कोवळी फूट काढत नाही आणि थंडीसाठी तयार होतं. पण याचा अर्थ पूर्ण बंद करायचं असा नाही हां. पानगळ झाली की जमीन गोठायच्या आत एकदा भरपूर, खोलवर पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा हळू गार पडते, शिवाय भेगा पडत नाहीत, नाहीतर भेगांतून गार हवा थेट मुळांपर्यंत जाते.

त्यानंतर हिवाळाभर महिन्यातून एक-दोनदा पाणी, पण जमिनीवर बर्फ नसेल, माती गोठलेली नसेल आणि हवा साधारण ५ अंश सेल्सिअसच्या वर असेल तरच. पाऊस किंवा चांगला बर्फ पडून गेला असेल तर ती पाळी सोडून द्या. वेळ दुपारची धरा, म्हणजे रात्री पुन्हा गोठायच्या आत पाणी मुरतं. बुंध्याभोवती पाण्याचं तळं साचून त्याचा बर्फ झाला तर साल दुखावते, म्हणून पाणी सावकाश सोडायचं, पाइप बारीक धारेवर ठेवून जागा बदलत राहायचं.

किती द्यायचं? गुडघ्याएवढ्या उंचीवर खोडाची जाडी मोजा आणि दर सेंटीमीटरला साधारण १५ लिटर धरा. म्हणजे ५ सेंटीमीटर जाडीच्या झाडाला एका वेळी ७५ लिटर. आकडा मोठा वाटतो पण महिन्यातून एक-दोनदाच आहे, आणि रोज बादलीभर वरवर शिंपडण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त. पाणी शोषणारी बरीचशी मुळं वरच्या ३० ते ४५ सेंटीमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात, त्यामुळे मोठ्या झाडाला बुंध्यात पाणी ओतून फारसं काही साधत नाही, घेराच्या कडेला द्या. नुकत्याच लावलेल्या झाडाचं मात्र उलट आहे, त्याची मुळं अजून लावताना आलेल्या गोळ्यातच असतात, तर आळं करून तिथेच द्या. पुरेसं झालं का हे बघायला लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसायचा, ओल्या मातीत सहज जातो आणि कोरडी लागली की अडतो.

सगळ्याच झाडांना पाणी देणं जमत नसेल तर आधी नव्या झाडांना द्या, लावून दोन-तीन वर्षंच झालेली, मग सदाहरित, मग बर्च, मेपल, लिंडेन अशी वरवर मुळं असलेली.

आच्छादन

आळ्यात लाकडाचा भुसा, सालीचे तुकडे किंवा पालापाचोळा ५ ते १० सेंटीमीटर जाड पसरा. ओल टिकते, आणि माती एकदा गोठते एकदा वितळते हे कमी होतं. फक्त खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडायची. पुष्कळ लोक बुंध्याला टेकवून ढीग रचतात, दिसायला नीटनेटकं वाटतं पण आत साल कुजते आणि उंदरांना घर मिळतं, कृपा करून असं करू नका.

खोड गुंडाळणं

हिवाळ्यात दिवसा कडक ऊन पडतं आणि सूर्य मावळला की पारा एकदम उतरतो. उन्हानं सालीच्या आतल्या पेशी जाग्या होतात आणि रात्री त्याच गोठून मरतात, मग तिथे साल फाटते, खोलगट चट्टा पडतो. उत्तर गोलार्धात हे दक्षिणेच्या आणि नैऋत्येच्या बाजूला होतं. मेपल, सफरचंद, चेरी, लिंडेन अशा पातळ सालीच्या लहान झाडांना हिवाळा लागताना फिकट रंगाची पट्टी खालून वर गुंडाळा, थोडी थोडी एकावर एक येईल अशी, पहिल्या फांदीपर्यंत. आणि वसंतात न विसरता काढा, कारण आत ओल आणि किडे राहतात आणि खोड जाड होताना ती आवळते. मी तर गुंडाळतानाच काढायची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवते.

वारा

नवीन झाडाला आधार द्यायचा तो फक्त मुळांचा गोळा हलू नये म्हणून, खोड ताठ उभं राहावं म्हणून नाही. खोड वाऱ्यात डुललं पाहिजे, त्यानंच ते जाड आणि मजबूत होतं. दोन बाजूंना दोन काठ्या, खोडाच्या खालच्या भागात रुंद मऊ पट्टा, तोही सैल. तार किंवा सुतळी अजिबात नको, सालीत रुतते. वर्षभरानं काढून टाका.

लहान सदाहरित झाडांसाठी वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा पडदा लावा, झाडाला चिकटवून नाही तर थोडा लांब, खुंट्यांवर ताणून. प्लास्टिकनं झाकू नका, उन्हात आत तापतं. जागा असेल आणि झाडांची रांग लावायची असेल तर ती थोडी विरळ असलेलीच बरी, कारण वारा भिंतीसारख्या बंद आडोशावर आदळला की पलीकडे भोवरे होतात, आणि थोडा गाळून गेला तर शांत होतो. अशा रांगेचा आसरा तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत मिळतो.

बर्फ, उंदीर, मीठ

ओला जड बर्फ फांद्यांवर साचला तर झाडूनं खालून वर हलकेच उचलून पाडा. पण फांदीवर बर्फाचा कडक थर गोठला असेल तर हात लावू नका, ती काडीसारखी मोडते, आपोआप वितळू द्या. उंदीर आणि ससे हिवाळ्यात साल कुरतडतात आणि चारी बाजूंनी सोलली गेली तर झाड वाचवणं फार अवघड, म्हणून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी खोडाभोवती, थोडी मातीत पुरून आणि बर्फाच्या नेहमीच्या थराच्या हातभर वर येईल अशी बसवा. वाटेवर बर्फ वितळायला मीठ टाकत असाल तर तो बर्फ आळ्यात लोटू नका.

छाटणी आणि खत

छाटणी हिवाळा संपत आल्यावर, फूट यायच्या आधी. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे जो फुगीर गळा असतो तो राखून त्याच्या जरा बाहेर कापा, झाड तिथूनच जखम बंद करतं. जखमेला रंग किंवा डांबर फासायची गरज नाही. एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त हिरवं काढू नका आणि शेंडा तर कधीच छाटू नका, तिथून येणाऱ्या फांद्या कमजोर असतात आणि वाऱ्यात आधी त्याच मोडतात. नत्राचं खत उन्हाळा सरताना नको, कोवळी फूट येते आणि पहिल्याच दंवात जळते.

वसंतात एखादं झाड सुकं दिसलं तर लगेच कुऱ्हाड घेऊ नका. काडीची साल नखानं जराशी खरवडा, आत हिरवं आणि ओलसर असेल तर ती जिवंत आहे. तपकिरी निघालं तर खाली खाली खरवडत जा, पुष्कळदा टोकं मेलेली असतात आणि मागे जीव असतो. तपकिरी झालेल्या सदाहरित झाडाच्या कळ्या बघा, मऊ आणि हिरव्या असतील तर नवीन पानं येतील, तेव्हा उन्हाळा लागेपर्यंत थांबा. आणि थांबताना स्क्रूड्रायव्हर पुन्हा एकदा मातीत घालून बघा, अडला तर त्याच दिवशी पाणी द्या.