‘इंडिया, जी. ओ.’ हे कोण? सायटेशन शिकवताना या चुका टाळा

गेल्या वर्षी एमएच्या एका पेपरच्या रेफरन्स लिस्टमध्ये मला ‘इंडिया, जी. ओ.’ नावाचे लेखक भेटले. दोन मिनिटं डोकं खाजवलं आणि मग ट्यूब पेटली, अहो हे तर गव्हर्नमेंट ऑफ इंडिया! संदर्भांची यादी बनवून देणाऱ्या झोटेरो या सॉफ्टवेअरने शेवटचा शब्द आडनाव धरला आणि उरलेल्याची आद्याक्षरं केली. उपाय सोपाय, झोटेरोत नावाच्या बाजूला सिंगल फील्डचं (अख्खं नाव एकाच चौकटीत ठेवणारं) छोटं बटण असतं ते दाबायचं, आणि वर्डमधून करत असाल तर कॉर्पोरेट ऑथरवर (म्हणजे लेखक ही संस्था आहे) टिक करून तिथे नाव टाकायचं. पण मुलाला ओरडण्यात अर्थ नव्हता, कारण टूल वापर म्हणून आम्हीच सांगितलेलं आणि टूलने काय दिलंय ते वाचून बघ हे कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसरी चूक जुन्या नोट्सची. मुलं शोधगंगेवरून (पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरून) एखाद्या सीनियरचा 2014 चा प्रबंध उतरवतात आणि त्याचा फॉरमॅट जसाच्या तसा उचलतात. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीची सातवी आवृत्ती 2019 मध्ये आली, तेव्हापासून प्रकाशकाचं गाव लिहायचं नाही आणि तीन किंवा जास्त लेखक असले की मजकुरात पहिल्यांदाच ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’) करायचं. निम्म्या मुलांच्या यादीत अजून ‘न्यू दिल्ली:’ असतंच, आणि खरं सांगू, आमच्याही काही हँडआउटमध्ये होतं!!

आता माझ्या मते सगळ्यात गोंधळाची गोष्ट, ती म्हणजे वर्ष. बाबासाहेबांचा ‘कास्ट्स इन इंडिया’ घ्या. 1916 मध्ये कोलंबियात वाचलेला पेपर, 1917 मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त छापला, आणि मुलांच्या हातात असतो तो महाराष्ट्र शासनाने 1979 ला काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडातला. मग कुणी 1916 लिहितं, कुणी नुसतं 1979, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं बाबासाहेबांनी हे आणीबाणीनंतर लिहिलं. एपीएत 1917/1979 असं दोन्ही द्यायचं आणि पान नंबर आपल्या हातातल्या प्रतीचा. आणि हा उतारा मूळ न बघता दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकातून घेतला असेल तर ‘अमुकमध्ये उद्धृत’ असं लिहायला लाजायचं नाही, यादीत मात्र आपण वाचलेलंच पुस्तक टाकायचं.

वाङ्मयचौर्याबद्दलच्या यूजीसीच्या 2018 च्या नियमांचाही सोयीस्कर अर्थ लावला जातो. 10% पर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, एवढंच लक्षात राहतं, जणू 10% चोरी माफ. अरे पण 60 पानांत 8% म्हणजे जवळजवळ पाच पानं होतात, आणि तो सगळा एकाच ठिकाणून उचललेला मजकूर असेल तर? त्यामुळे मी आकडा नंतर बघतो, आधी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमधले रंगवलेले उतारे वाचतो.

हँगिंग इंडेंट (यादीतल्या नोंदीची दुसऱ्या ओळीपासून आत सरकलेली मांडणी) स्पेसबार मारून करू नका, वर्डमध्ये कंट्रोल टी दाबा, विषय संपला.

चॅटजीपीटीने दिलेले रेफरन्स मात्र एकेक तपासायचे. लेखक खरा, जर्नल खरं, आणि लेख अस्तित्वातच नाही, असं सर्रास होतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी असेच बनावट खटले दिले आणि 5,000 डॉलर दंड भरला. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) असेल तर तो डीओआय डॉट ओआरजीच्या पुढे चिकटवून बघायचा, कुठे उघडतोय ते. उघडला तरी लेखाचं नाव तेच आहे ना हेही बघायचं, कारण डीओआय खरा आणि लेख भलताच असंही मी पाहिलंय.

आणि आमची, शिक्षकांची चूक म्हणजे हे सगळं सबमिशनच्या आठवड्यात शिकवणं, जेव्हा मुलाला आपण कुठल्या पुस्तकात काय वाचलं तेच आठवत नसतं. मी आता पहिल्याच तासाला एक पुस्तक, एक जर्नलमधला लेख आणि एक शासन निर्णय देतो, जीआरचा दिनांक आणि संकेतांक शोधताना अर्धा वर्ग अडकतोच. हाताने नोंदी लिहायच्या, मग शेजाऱ्याशी वही बदलायची. त्या नोंदीवरून शेजाऱ्याला पाच मिनिटांत ती गोष्ट सापडली नाही तर वही परत.