जगाच्या नकाशावर पट्टी ठेवण्याआधी
आधी नकाशा मर्केटर प्रक्षेपणाचा आहे का ते तपासा (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत). रेखावृत्तं उभी, समांतर हवीत; शिवाय विषुववृत्त ते ३० अंश हे अंतर पट्टीने १० सेंमी भरलं, तर ३० ते ६० अंश सुमारे १४ सेंमी भरेल. असा नकाशा क्षेत्रफळ ताडायला अजिबात वापरू नका. ६० अंशांवर लांबी दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट दिसतं. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं भासतं. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी आहे. विषुववृत्ताच्या प्रमाणाने मोजलेलं छोटं अंतर अक्षांशाच्या कोसाइनने गुणा: ६० अंशांवर १०० किमी भरलं, तर खरं ५० किमी. लांबच्या अंतरांना ही युक्ती चालत नाही. लोकसंख्येची घनता दाखवायची असेल तर मोलवाइडसारखं समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळांचं प्रमाण खरं राखणारं, प्रक्षेपणच घ्या.