पोलिसांच्या नावानं स्क्रीन अडकली? या चुका टाळा

वर अशोकस्तंभ, खाली ‘तुमचा कॉम्प्युटर ब्लॉक करण्यात आला आहे’, कारण काय तर अश्लील व्हिडिओ पाहिले, आणि दंड भरायला काही तासांची मुदत. शेजारी कार्ड नंबरचे रकाने. इंदुरात राजेंद्रनगर, सुदामानगरच्या घरांतून यासाठी मला फोन येतात, पण बहुतेक वेळा नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं. तेही स्क्रीनमुळे नाही, घाईमुळे.

सगळ्यांत वाईट चूक म्हणजे लगेच फॉर्मॅट मारणं. लोकमान्यनगरातल्या एका काकांचा लॅपटॉप असा ‘लॉक’ झाला. भाच्यानं तो तडक दुकानात नेला. तिथल्या पोरानं ‘व्हायरस आहे’ म्हणत तासाभरात नवं विंडोज टाकून दिलं. काकूंच्या एकसष्टीचे फोटो गेले, काकांनी नातेवाइकांकडून माहिती गोळा करून टाइप केलेली वंशावळ गेली. बॅकअप नव्हता. डिस्क एसएसडी, म्हणजे चिपवाली, जिच्यावरून पुसलेलं सहसा परत मिळत नाही, त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरलाही काही सापडलं नाही. नंतर भाच्यानं मोबाइलवर काढलेला त्या स्क्रीनचा फोटो दाखवला. वरच्या कडेला क्रोमची बारीक पट्टी स्पष्ट दिसत होती: फुल स्क्रीनमधून बाहेर पडण्यासाठी एस्केप दाबून ठेवा. लॉक वगैरे काही नव्हतंच, ते एक वेबपेज होतं. ज्याला निदान करायचा धीर नाही, त्यानं दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी आधी एस्केप दाबून धरतो, मग एफ११. तरी हललं नाही तर कंट्रोल-आल्ट-डिलीट. कंट्रोल, आल्ट, डिलीट ही तीन बटणं एकत्र दाबली की कुठल्याही वेबपेजला ती अडवता येत नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन ब्राउझरला एंड टास्क. पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पेजेस परत आणू का’ असं विचारतो, तिथे हो म्हणू नका. ते पान पुन्हा समोर उभं राहतं.

रीस्टार्ट केल्यावर ब्राउझर न उघडताच तीच स्क्रीन आली, तर मामला वेगळा. २०१२ च्या सुमाराला रेव्हेटन नावाचा व्हायरस असाच होता. अमेरिकेत तो एफबीआयचं नाव लावायचा, युरोपात त्या त्या देशाच्या पोलिसांचं, आणि प्रीपेड व्हाउचरनं दंड मागायचा. तसं असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट, सेफ मोड आणि तिथून स्कॅन. फाइलींची नावं बदलून त्या उघडेनाशा झाल्या असतील तर नेट तोडा, काही पुसू नका. युरोपोल आणि डच पोलीस यांनी इतरांबरोबर २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या वेबसाइटवर त्या प्रकारच्या फाइली सोडवायची मोफत किल्ली आहे का ते बघा.

दुसरी चूक पैसे भरण्याची, आणि ती लाजेतून होते. आरोपच असा लावलेला असतो की माणूस घरात कुणाला विचारत नाही. कॉलेजातल्या एका मुलानं बाबांचं कार्ड गुपचूप टाकलं, ओटीपीही दिला. दंड म्हणून जेवढे सांगितले होते त्याहून जास्त गेले, आणि बाबांना ते बँकेच्या मेसेजवरून कळलं. मुलाला रागवू नका हो, तो खरंच घाबरला होता. पोलिसांना चौकशीला बोलवायचं असेल तर ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली नोटीस देतात. ब्राउझरमध्ये कार्ड नंबर मागत नाहीत. पैसे गेले असतील तर आधी बँकेला सांगून कार्ड बंद करा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार द्या. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त.

स्क्रीनवर आपला आयपी, म्हणजे इंटरनेट जोडणीचा नंबर, आणि ‘इंदूर’ दिसलं म्हणून हादरू नका. उघडलेल्या प्रत्येक वेबसाइटला आयपी दिसतो, त्यावरून गाव काढता येतं.

तक्रारीसाठी स्क्रीनचा फोटो काढा, पत्त्याची पट्टी दिसत असेल तर तिच्यासकट.

स्क्रीनवरच्या नंबरला फोन करू नका. केलाच असेल आणि त्यांनी एनीडेस्क, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप, टाकायला लावलं असेल, तर आधी वायफाय बंद करा, मग ते काढून टाका, आणि बँकेचे, मेलचे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला, त्याच लॅपटॉपवरून नको.